शनिवारचं कुलूप

नेरूळ, नवी मुंबई
८ ऑक्टोबर १९९५

चि. जाई,

आशीर्वाद. थोरल्या भावाने द्यायचे असतात म्हणून दिले. या वयात तुला कितपत पचतात ते तू बघ.

पत्रास कारण की, एका गुलाबाने माझा छळ मांडला आहे.

हा गुलाब प्लास्टिकचा आहे. आमच्या सेक्टरातल्या समाजमंदिरात दर शनिवारी संध्याकाळी ‘आरोग्य व ज्ञानसत्र’ नावाचा यज्ञ चालतो. कधी मधुमेह, कधी श्वसनाचे प्रकार, कधी ‘साठीनंतर संगणक’. येणाऱ्या प्रत्येक वक्त्याचं स्वागत गुलाबपुष्प देऊन होतं. गणपतीपर्यंत ते पुष्प खरं होतं. मग आमचे सेक्रेटरी बाजीराव यांनी कुठून तरी हा चिरंजीव गुलाब पैदा केला. वक्ता तो घेतो, फोटो निघतो, आणि चहाच्या वेळी बाजीराव तो हळूच काढून घेऊन खोक्यात ठेवतात. काल दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो आपल्या पर्समध्ये टाकला. बाजीरावांचा चेहरा पोरगी सासरी निघालेल्या बापासारखा झाला होता.

मी रीतसर निषेध नोंदवला. म्हटलं, “बाजीराव, देवाला तरी असलं फूल वाहाल का?”

“मास्तर, देव कुठे फोटो काढून घेतो? तुमी टेन्शन नका घेऊ. तुमी फक्त तुमचं संस्कृत सोडा दोन ओळी.”

‘सोडा’ हे क्रियापद माझ्या विद्येला इतकं चपखल बसेल असं मला वाटलं नव्हतं. तर मी संस्कृत सोडतो. सुरुवातीला वक्त्याचा परिचय आणि शेवटी आभार, ही दोन्ही पदं माझ्याकडे आजन्म आहेत. मूळव्याधीच्या वैद्यांचा परिचय मी अनुष्टुभात करून दिला. टाळ्या पडल्या. शाळेत तीस वर्षांत कधी पडल्या नव्हत्या.

आता तू विचारशील (विचारणार नाहीस, पण धर विचारलंस) की इतकी वर्षं दिवाळीच्या कार्डापलीकडे न गेलेला हा माणूस एकदम गुलाबाची गाऱ्हाणी का सांगतो आहे. तर घरात बोलायला कुणी नाही. म्हणजे आई आहे. आई बरी आहे. शनिवारी ती लवकर झोपते, त्यामुळे मला जाता येतं.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
नंदादा

—

नेरूळ
२९ ऑक्टोबर १९९५

चि. जाई,

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं. छापील शुभेच्छांखाली तुझी सही आणि त्याखाली एकच शब्द: ‘आई?’ सूत्रकारांनी तुझ्यापुढे हात टेकावेत.

‘आई बरी आहे’ असं मी लिहिलं होतं. त्या तीन शब्दांतला मधला चुकीचा होता.

शरीराने ती ठणठणीत आहे. सकाळी उठते, नऊवारी नेसते, नथ मागते. मग वाटीत तांदूळ घेते, त्याला कुंकू लावते, पदराखाली वाटी धरून दारात उभी राहते. “नंदू, आटप. मुहूर्त टळेल.” कुणाचा मुहूर्त, हे मी पहिल्या दिवशी विचारलं. “जाईचा,” म्हणाली. “विसरलास होय रे?”

तुमचं लग्न कचेरीत लागलं. आपल्या घरातून कुणी आलं नाही. ती तर नाहीच. तिने त्या दिवशी घरात चूलसुद्धा पेटवली नव्हती. आता ती रोज निघते. दुपारी जेवून विसरते आणि संध्याकाळी पुन्हा निघते. दोन वेळचा मुहूर्त सांभाळणारा पुरोहित आपल्या कुळात मीच पहिला.

पावसाळ्यात एकदा ती खरंच निघाली. मी भाजी आणायला खाली गेलो होतो, दार नुसतं लोटलेलं. दिवसभर शोधलं. तिन्हीसांजेला तुर्भ्याकडून एक ट्रक आमच्या फाटकाशी थांबला आणि केबिनमधून आई राणीसारखी उतरली. ड्रायव्हर सरदारजी होता. तिने त्याला मंगल कार्यालयाचा रस्ता विचारला होता आणि मुलीकडची म्हणून त्याला जेवणाचं आमंत्रणही दिलं होतं. तो हात जोडून म्हणाला, “माताजी को अकेली मत छोड़ना.” मी शब्द दिला.

शब्द पाळणं म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं. शकुबाई सकाळी येऊन तिचं करते आणि पुढच्या घरी जाते. शाळेने संस्कृत काढून संगणक आणल्यापासून मी घरीच. त्यामुळे दिवसभर दोन खोल्या, आम्ही दोघं आणि तुझा मुहूर्त. मी दाराला पाठ लावून वाचत बसतो. ती म्हणते, “बाजूला हो रे.” मी म्हणतो, “गाडी यायची आहे.” रात्री डोळा लागेपर्यंत हाच संवाद.

शनिवारी मात्र मी बाहेरून कुलूप लावतो आणि समाजमंदिरात जातो. लिहून टाकलं एकदाचं.

दाराला कुलूप दिसतं, लोक विचारतात, “आजी दिसत नाहीत?” पावसाळ्यापासून ती खाली उतरलेली नाही. तेव्हा मी एक छोटी सोय केली आहे. सोसायटीच्या लेखी आई सध्या इंदूरला, लेकीकडे आहे. तुझी इकडे कीर्ती झाली आहे. बाजीराव परवा चारचौघांत म्हणाले, “बहीन असावी तर मास्तरांची.” मी मान डोलावली.

नंदादा

—

नेरूळ
१९ नोव्हेंबर १९९५

चि. जाई,

तुझं पोस्टकार्ड पोस्टमनने वाचलं असणार, कारण देताना तो हसत होता. “दादा, आई माझ्याकडे मजेत आहे. सकाळी पोहे-जलेबी खाते. तू कसा आहेस? – जाई.”

मीही हसलो. मग ताटावर बसलो आणि ते पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदाच ‘कसा आहेस’ विचारलंस आणि तेही या अशा ओळीत. घराण्याची जीभ इंदुरात गेली तरी गोड झालेली नाही.

समोरच्या करिमुन्निसाभाभींविषयी लिहायचं आहे. मजल्याच्या आमच्या टोकाला दोनच घरं, आमचं आणि त्यांचं. माणसं मूळची उरणकडची. त्यांचे यजमान झहूरभाई न्हावा शेवाच्या बंदरात कामाला आहेत. गेल्या शनिवारी व्याख्यात्याचा घसा बसला, मी लवकर परतलो, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थबकलो. भाभी आमच्या बंद दारापाशी पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. दाराच्या आतून आईचा आवाज येत होता.

“मुलाकडचे किती येणार?”

“पुष्कल येनार, आजी. गाड्या भरून येतात.”

“मग भात वाढवायला हवा.”

“वाढवते ना मी. तुमी बसा, पाय दुखतील.”

मला पाहून त्या उठल्या. मी शाळेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा उभा. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमी गेलात का आजी दार वाजवत र्‍हाते. म्हनून बसते मी हितं. भाजी काय, कुठंबी निवडायची.” थांबून म्हणाल्या, “एक चावी आमच्याकडं ठेवा ना. मी आत बसेन.”

मी म्हणालो, “छे छे, तुम्हाला कशाला तसदी.” इतकी वर्षं व्याकरण शिकवून माणसाच्या तोंडून वेळेला हे वाक्य निघावं! चावी दिली असती तर ‘आई आत कोंडलेली असते’ हे मान्य झालं असतं. त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. तरीही मान्य केलेलं नाही. आमच्या दाराला दोन कुलपं आहेत, एक पितळी आणि एक हे.

काल तणावमुक्तीवर व्याख्यान होतं. बाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी दिवे घालवायला लावले आणि म्हणाल्या, “डोळे मिटा. जिथे तुम्हाला पूर्ण शांत वाटतं, ती जागा डोळ्यांसमोर आणा.” मग एकेकाला विचारलं. कुणाला गावची नदी दिसली, कुणाला देवीचं देऊळ. बाजीरावांना ते कामाला जातात तो रबाळ्याचा कारखाना दिसला, पण संपावर असलेला. माझी पाळी आली तेव्हा मी ‘हिमालय’ म्हणालो. मला काय दिसलं ते इथे लिहीत नाही.

आभार आटोपून लगेच घरी गेलो नाही. पाय मोकळे करायला हायवेपर्यंत जाऊन आलो.

आई तुझी आठवण काढते हे वेगळं सांगायला नको. ती दुसरं काही करतच नाही.

नंदादा

—

नेरूळ
३ डिसेंबर १९९५

चि. जाई,

आज थोडक्यात.

येत्या शनिवारी अग्निशमन दलाचे अधिकारी ‘घरातील सुरक्षितता’ या विषयावर बोलणार आहेत आणि नंतर प्रात्यक्षिक. घंटा वाजली की एका विंगेतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी खाली उतरायचं. बाजीराव हर्षभरित आहेत. लाल गाडी सोसायटीच्या आवारात येणार, म्हणजे फोटो.

मी विचारलं, “कुठली विंग?”

“ए. तुमच्या बी-वाल्यांनी नुसतं बघायचं, मास्तर. टेन्शन नाय.”

मला टेन्शन नाही. मी म्हटलं, या खेपेला परिचय दुसऱ्या कुणाला द्या, माझं अंग मोडून आलंय. ते म्हणाले, “तुमच्याबिगर प्रोग्राम म्हंजे लाडवात गूळ नाय.” आता लाडवाने गुळाला सुटी कशी द्यावी?

तू लिहिलंस, “दादा, खरं काय ते लिही. मी येऊ का?” वाचलं. उत्तर द्यायचं आहे. या पत्रात देत नाही.

नंदादा

—

नेरूळ
१० डिसेंबर १९९५

जाई,

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायचं नाही, तेव्हा मीच सांगतो.

अधिकारी पन्नाशीचे, शांत, आवाज न चढवता बोलणारे. बाजीरावांनी नवा, पण प्लास्टिकचाच गुलाब दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि म्हणाले, “घरात आग लागली तर पहिला हा पेटेल.” सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसलो. माझा निषेध शेवटी सरकारदरबारी मान्य झाला होता.

मग त्यांनी पुष्कळ सांगितलं. गॅसचं, वायरिंगचं. आणि ओघात म्हणाले, “तुमच्यापैकी कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतं का? हात वर करू नका. नुसतं मनात उत्तर द्या. आम्ही दार फोडतो तेव्हा अशी माणसं दारापाशीच सापडतात.”

किल्ली माझ्या झब्ब्याच्या खिशात होती. आम्ही व्यासपीठावर एकाच टेबलाशी बसलो होतो, ते आणि मी.

त्या क्षणी उठायला हवं होतं. मला त्यानंतर आभार मानायचे होते, म्हणून बसलो. हे कारण लिहिताना कसं दिसतं ते मला दिसतं आहे.

भाषणानंतर सगळे सोसायटीच्या आवारात जमल्यावर बाजीराव कानाशी आले. “मास्तर, ए-चा जिना रंगवलाय सकाळी, ओला हाय. बी घेतलीय. घंटा वाजेल आता.” आणि माझ्या हातात माईक दिला. अधिकाऱ्यांना घरांचे क्रमांक वाचायला स्पष्ट उच्चाराचा माणूस हवा होता. सोसायटीत स्पष्ट उच्चाराचा माणूस कोण?

घंटा वाजली. बी विंग उतरू लागली. मुलं धावत, बायका ओढण्या-पदर सावरत, गॅस बंद केला की नाही यावर नवरा-बायकोंची भांडणं. करिमुन्निसाभाभीही उतरल्या. शनिवारी त्या आमच्या पायरीवर असतात; काल त्यांना जवानाने “चला, चला” करून खाली आणलं. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या.

आवारात दोन्ही बाजूंना माणसं उभी, मध्ये मोकळी जागा. मी माईकवरून क्रमांक पुकारत होतो. बी-बारा. “हाजिर.” बी-तेरा. झहूरभाई म्हणाले, “हाजिर.” बी-चौदा.

बी-चौदा आपलं घर.

अधिकाऱ्यांनी कागदावरून मान वर केली. “चौदा?”

आणि मी माईकमध्ये म्हणालो, “रिकामं. कुलूप आहे.”

तिकडून भाभी मोठ्याने म्हणाल्या, “मास्तर!” बाकी कुणाला काही कळलं नाही. बाजीरावांनी खुलासा केला, “मास्तरांच्या आई इंदूरला हायत, साहेब.”

एवढ्यात दोन जवानांनी मोकळ्या जागेत एक मोठं पांढरं कापड आणलं. वरून उडी मारणाऱ्याला झेलायचं असतं, ते. आधी त्यांनी ते दोन टोकांना धरून उभं उलगडलं. दोन्हीकडे माणसांची दाटी, मध्ये पांढरं कापड धरलेलं, घंटा वाजते आहे, माईकवर संस्कृत उच्चाराचा माणूस. जाई, तिसऱ्या मजल्यावरच्या गजांतून पाहणाऱ्या बाईला ते काय दिसलं असेल, सांग.

आधी मला वाटलं कुणी रेती सांडली. मग पाहिलं तर एका जवानाच्या शिरस्त्राणावर लाल तांदूळ उडत होते. कापडावर पडत होते. बाजीरावांच्या टकलावर पडले. सगळ्यांनी मान वर केली. खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता, मुठीमुठीने अक्षता टाकत होता, आणि आईचा आवाज, ऐंशी वर्षांचा पण खणखणीत:

“जाई! जाई गं! आले हो मी!”

बाजीराव माझ्याकडे बघत म्हणाले, “आजी… इंदूरला हायत ना?” त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. तेच मला सोसलं नाही.

अधिकाऱ्यांनी घंटा थांबवली. जवळ येऊन, माईकवर हात ठेवून, हळू विचारलं, “किल्ली कुणाकडे आहे?”

मी खिशातून काढून दिली. त्यांनी घेतली नाही. “तुम्ही उघडा,” म्हणाले. “चला, मी येतो बरोबर.”

तीन मजले आम्ही चढलो. मागून भाभी. कुलूप उघडलं तर आई दारातच, नथ घालून, रिकामी वाटी पदराखाली. अधिकाऱ्यांचा गणवेश, पितळी बटणं पाहून तिने पदर सारखा केला. “वरपक्षाकडचे ना आपण? या. लागलं का हो लग्न? मला इथून नीट दिसलं नाही.”

ते गृहस्थ क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, “लागलं, आजी. चांगलं लागलं.”

“अक्षता पोचल्या?”

“सगळ्यांच्या डोक्यावर पडल्या.”

ती खाली बसली. तुला कल्पना नाही, कित्येक महिन्यांत मी तिला अशी बसलेली पाहिली नव्हती, कुठेही न निघालेली. भाभींनी तिला पाणी दिलं. अधिकारी जाताना मला एवढंच म्हणाले, “सर, तुमचं मघाचं परिचयाचं भाषण छान होतं.” त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी आभार मानले असते.

खाली पांगापांग झाली. सत्र सुरू झाल्यापासून आभारांशिवाय संपलेला हा पहिला कार्यक्रम. आज सकाळी बाजीरावांच्या घरून डबा आला. निरोप नाही, नुसता डबा, वरणभात आणि आईसाठी मऊ शिरा. कुणी काही बोललं नाही. बोलतील. बोलू देत.

किल्ली मी काल रात्रीच करिमुन्निसाभाभींकडे दिली. म्हटलं, शनिवारी मी मागितली तरी द्यायची नाही. त्या म्हणाल्या, “मास्तर, चावी माझ्याकडं असू दे. पन शनवारी तुमी जा. मी बसेन आजीजवल. तुमाला बी हवा लागते.” मी मान हलवली. जाईन म्हणालो नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तणावमुक्तीच्या बाईंनी डोळे मिटायला लावले तेव्हा मला हिमालय दिसला नव्हता. आपलं घर दिसलं. खिडकी उघडी, पुस्तकं, दुपारचं ऊन, आणि आत कुणी नाही. काल माईकमध्ये ‘रिकामं’ म्हणालो तेव्हा लोकांना फसवायला म्हणालो हे खरंच. पण शब्द तोंडातून निघाला तेव्हा तेच घर पुन्हा दिसलं आणि मला बरं वाटलं. एवढ्या माणसांत, भाभी माझ्याकडे बघत असताना, मला बरं वाटलं.

त्या दिवशी हायवेवर मी पाय मोकळे करायला गेलो नव्हतो. महाडची एस.टी. थांब्यावर उभी होती. मी एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, “काका, चढताय का उतरताय? गाडी सोडायचीय.” मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो असेन, कारण त्याने घंटी मारली आणि मला पाय काढून घ्यावा लागला. माझ्या मनाने काही ठरवलेलं नव्हतं. घंटी वाजली म्हणून मी परत आलो.

आईला आज सकाळी उठल्यावर कालचं काही आठवलं नाही. तिने तांदूळ मागितले. मी दिले.

तू ये, जाई. तिची काळजी घ्यायला भाभी आहेत, शकुबाई आहे, आता सगळी सोसायटी आहे. कुलूप लावून जिना उतरताना मला जे हलकं वाटतं, त्याची मला भीती वाटते. एखाद्या शनिवारी मी वर परत चढणार नाही.

नंदादा